शेवटची बस कितीची?

२०१२ ची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या खो-खो संघात पाच जणी उरल्या होत्या. दसऱ्याला वहीत चौदा नावं होती. खो-खोचा संघ बारा जणींचा, मैदानात नऊ उतरतात. पाच जणींनी पाठलागाला नुसतं बसायचं म्हटलं तरी अर्धी पाटी, म्हणजे दोन खांबांमधली बसायची पट्टी, रिकामी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जानेवारीत होती. आमच्या खेळाच्या सरांच्या नोकरीला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती आणि मुलींचा संघ भरला नाही, असं त्या चोवीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

गळालेल्या नऊ जणींत मी एक. आज मी गोव्यातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. म्हणजे हे प्रकरण मी आधी विद्यार्थिनी म्हणून भोगलं आणि मग त्याच खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. या नोकरीत नव्याने येणारं कोणी भेटलं की मी त्यांना हेच सांगत बसते, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. सरांचं नाव देत नाही आणि कॉलेजचंही. सरांना नाव नको आहे. कॉलेजबद्दल पुढे दोन कडू गोष्टी यायच्या आहेत.

सर आणि त्यांचं मैदान

सर मूळचे फोंड्याकडचे. शारीरिक शिक्षणाची पदवी त्यांनी अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजात घेतली. खो-खो आणि कबड्डी तिथे अंगात मुरली. १९८८ साली ते आमच्या कॉलेजात रुजू झाले. गोव्याला राज्याचा दर्जा ३० मे १९८७ ला मिळाला, म्हणजे राज्य जेमतेम वर्षाचं होतं. विद्यापीठ १९८५ चं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. गोव्याच्या कॉलेजांनी आपसात खेळायच्या स्पर्धांची घडी अजून बसत होती आणि सर त्या बसवणाऱ्यांपैकी एक होते.

कॉलेजच्या मागे मैदान म्हणून जी जागा होती, तो जांभ्याचा सडा होता. डिचोली-सत्तरीच्या बाजूला राहणाऱ्याला सडा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पावसात वर बोटभर गवत, नोव्हेंबरात ते वाळलं की खाली भाजलेल्या विटेसारखा दगड. त्यावर सूर मारला तर गुडघ्याची सालटं जातात. सरांनी पहिली दोन वर्षं एनएसएसच्या मुलांना हाताशी धरून एका कोपऱ्यात माती टाकून घेतली. शेतातली माती आणि वारुळाची, जिला आमच्याकडे रोयण म्हणतात, ती चाळून एकत्र केली, पाणी मारून रोलर फिरवला. वारुळाची माती बसली की भेगाळत नाही, हे त्यांना कोणी पुस्तकात शिकवलं नव्हतं. त्यांच्या घरची जमीन तशीच केलेली होती. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद एवढा तो तुकडा. दर पावसाळ्यात निम्मी माती वाहून जायची आणि दर दसऱ्याला तेच काम पुन्हा.

उरलेलं सगळं मैदान फुटबॉलचं. याबद्दल माझी तक्रार नाही. फुटबॉल इथला जीव आहे. त्याच २०१२ साली सरकारने त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं. पण दुपारी चारला मुलं बूट घालून उतरली की आमच्या पाटीवरून चेंडू जाणारच, आणि खांबाला टेकवलेल्या आमच्या पिशव्यांवर तो आदळणारच. सर दोन्ही संघांचे सर होते. त्यांनी कधी एकाला हटकून दुसऱ्याला जागा दिली नाही. वेळ वाटून दिली.

त्यांची शिकवण्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जून ते सप्टेंबर मैदान पाण्याखाली. तेव्हा सराव कॉलेजच्या लांब व्हरांड्यात व्हायचा. आम्ही आठ जणी ओळीने उकिडव्या बसायचो, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि डोळे मिटायचे. मागून कोणीतरी चालत यायची. खो द्यायचा तो पाठीला हात लावून आणि त्याच क्षणी तोंडाने ‘खो’ म्हणून. नुसत्या हाताने नाही, नुसत्या आवाजाने नाही. आणि बसलेलीने तो मिळाल्याशिवाय हलायचं नाही. डोळे मिटले की पावलांचा आवाज ऐकू येतो, श्वास कळतो, आणि उठायची घाई होते. सर एखादीच्या मागे येऊन नुसते उभे राहायचे. मिनिटभर. जिचा पाय वळवळला तिला पुन्हा पहिल्यापासून. बाहेर पाऊस कोसळतोय, कौलांवरून पाण्याच्या धारा लागल्या आहेत आणि आठ मुली डोळे मिटून मुकाट बसल्या आहेत, हे बघायला वर्गातली मुलं दारात यायची. चार महिने असं केल्यावर दसऱ्यानंतर मैदानात आमच्याकडून लवकर उठण्याचा फाऊल जवळजवळ होत नसे.

आणि त्यांची वही. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, दर वर्षी नवी. प्रत्येक खेळाडूचं नाव, गाव, वजन, दुखापत, घरचा फोन. २०१२ पर्यंत वहीत एवढंच होतं.

काय झालं

१० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी बंद केल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल तीन दिवस आधी संसदेत मांडला गेला होता. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि मग खनिज जागचं हलणंही थांबलं. बाहेरच्या माणसाला ही पर्यावरणाची बातमी वाटेल, आणि ती तशी होतीही. आमच्या विहिरी आटल्या होत्या आणि भातशेतांत खाणीचा गाळ येऊन बसला होता, हे आम्हीच पाहिलं होतं. पण ज्या घरांनी कर्ज काढून ट्रक घेतला होता, त्या घरांची चूल त्याच ट्रकवर होती. बंदी आली सोमवारी. चतुर्थी पुढच्या आठवड्यात, १९ तारखेला. त्या वर्षी आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधली, सगळी फळं रानातून आणि परसातून आणली, बाजारातून एकही नाही. पाहुण्यांना ते आवडलं. आई मात्र गप्प होती.

आमच्या संघातल्या बहुतेक मुली पाळी, वेळगे, पिसुर्ले, मये या बाजूच्या. कोणाचे वडील ट्रकवाले, कोणाचे मशीनवर, कोणाचं गॅरेज, कोणाच्या आईचं ट्रकवाल्यांसाठी चहा-भज्यांचं दुकान. दोन महिन्यांत प्रत्येक घराचं वेळापत्रक बदललं. आणि संघ जो फुटला तो इथे, मैदानात नव्हे.

माझ्या घरचं सांगते. आई होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. सकाळी साडेसातला घर सोडायची, परत यायला संध्याकाळचे सात. आजी अंथरुणावर. भाऊ नऊ वर्षांचा, त्याची शाळा दीडला सुटायची. बाबा दिवसभर कामाच्या शोधात कधी म्हापशाला, कधी पणजीला. म्हणजे दुपारी दोनच्या पुढे घरात मी हवीच. आणि आमच्या मार्गावरची पावणेसहाची खासगी मिनीबस दिवाळीच्या आधी बंद पडली, कारण खाणीवरून परतणारी माणसंच उरली नव्हती. त्यानंतर आमच्याकडे यायला चार दहाची बस, आणि मग एकदम रात्री साडेसातची कदंब, म्हणजे सरकारी बस, तीही फाट्यावर सोडणारी. सराव चार ते साडेपाच.

मी सरांना यातलं काही सांगितलं नाही. हप्ते थकल्याची लाज वाटायची. मी नुसती यायची थांबले. बाकीच्यांनीही तेच केलं. आम्ही एकमेकींनाही खरं कारण सांगत नव्हतो, हे नंतर कळलं.

सरांनी काय केलं? त्यांच्याकडे जुना नियम होता: न कळवता तीन दिवस गैरहजर राहिलीस तर नाव कापलं. चोवीस वर्षं तो नियम नीट चालला होता, कारण चोवीस वर्षं गैरहजेरीचं कारण बहुतेक वेळा कंटाळाच असायचा. त्यांनी नावं कापायला सुरुवात केली. आमची कॅप्टन तिसऱ्या वर्षाला होती, संघातली सगळ्यात चांगली धावणारी. ती चौथ्या दिवशी आली तेव्हा सर सगळ्यांसमोर, फुटबॉलची मुलं ऐकत असताना, म्हणाले, “कॅप्टनलाच संघाची पर्वा नाही तर बाकीच्यांचं काय बोलायचं? जर्सी जमा कर.” तिने पिशवीतून जर्सी काढून खांबावर टाकली आणि गेली. तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

या प्रकरणातली सरांची ही पहिली चूक, आणि ती लहान नव्हती. खाणी बंद झाल्याचं त्यांना ठाऊक होतं. रोज पेपर वाचणारा माणूस. पण ती बातमी आणि समोरची रिकामी पाटी यांची सांगड घालायला त्यांना सहा आठवडे लागले. मी आज त्या जागी आहे म्हणून सांगते, हे फार सहज होतं. आपण मुलांना फक्त दीड तास बघतो आणि त्या दीड तासात जे दिसतं तेवढ्यावरून त्यांचा स्वभाव ठरवतो.

एक रविवार

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या आंगणात स्कूटर थांबली. सर. हातात हेल्मेट, पायात सरावाचेच बूट. मी विहिरीवर होते, कपडे तसेच टाकून आत पळाले.

आमचा ट्रक आंगणाच्या कडेला उभा होता, निळी ताडपत्री बांधून. बाबांनी चतुर्थीआधी तो तिथे लावला तो हलवलाच नव्हता. आईने पावसात लावलेला दोडक्याचा वेल मागच्या फळीवरून चढून ताडपत्रीवर पसरला होता आणि त्याला दोन दोडके धरले होते. सर त्या वेलाकडे बघत राहिले. बाबा दोनदा म्हणाले, “बसा सर,” तरी ते उभेच.

“किती वर्षांचं कर्ज?” त्यांनी विचारलं.

“पाच. दोन झाली,” बाबा म्हणाले. “गाडी उभी आहे, हप्ता कुठे उभा राहतो?”

मग सर बसले. बाबा आणि ते अर्धा तास ट्रकबद्दल बोलत होते: बँक काय म्हणते, गावात अजून किती गाड्या उभ्या आहेत, विकायला काढली तर गिऱ्हाईक आहे का. खो-खोचं नावही निघालं नाही. मी चहा आणला तेव्हा त्यांनी निळी वही काढली.

“तुझी शेवटची बस कितीची?”

“चार दहाची.”

“आणि सकाळची पहिली?”

“सहा वीसला फाट्यावर येते. पावणेसातला कॉलेजकडे सोडते.”

“तुझं पहिलं लेक्चर?”

“साडेआठ.”

“मग पावणेसात ते साडेआठ तू काय करतेस?”

“लायब्ररी उघडेपर्यंत पायरीवर बसते.”

त्यांनी सगळं लिहून घेतलं. आजीला आत जाऊन नमस्कार केला. ‘परत ये’ म्हणून एक शब्द बोलले नाहीत. स्कूटरवर बसताना बाबांना म्हणाले, “पोर चांगली धावते हो तुमची.” बाबा त्या दिवसापर्यंत मला खेळताना बघायला कधी आले नव्हते.

अशा नऊ घरी ते दोन रविवारांत आणि मधल्या संध्याकाळी जाऊन आले. नऊ जणींची कारणं वहीत आहेत. चौघींची बस. तिघींचं घरकाम किंवा आजारी माणूस. एकीचं लग्न ठरलं होतं. आणि कॅप्टनचं कारण सरळ होतं: अपमान. तिलाही बसची अडचण होती, पण ती चालत फाट्यापर्यंत गेली असती. ती आली नाही ती त्या बोलण्यामुळे.

एक गोष्ट त्या वहीत स्पष्ट दिसते. एकीच्याही नावापुढे ‘खेळायची इच्छा नाही’ असं लिहिलेलं नाही.

निर्णय

सरांपुढे चार वाटा होत्या. त्या वर्षी प्रवेशिका पाठवायचीच नाही. त्यात कोणी त्यांना दोष दिला नसता. किंवा कॉलेजच्या गावातल्याच, चालत घरी जाणाऱ्या मुली गोळा करून नवा संघ उभा करायचा. जिमखाना समितीतल्या दोघांना ही वाट पसंत होती आणि कागदावर ती सोपीही होती. किंवा मुलींना परत नेऊन सोडायला गाडी ठरवायची, ज्याला पैसे नव्हते. किंवा वेळ बदलायची.

त्यांनी वेळ बदलली. सराव सकाळी सात ते सव्वाआठ. वहीत बसच्या वेळा एकाखाली एक मांडल्यावर त्यांना दिसलं की संध्याकाळी मुलींना नेणारी बस नाही, पण सकाळी आणणारी आहे, आणि बहुतेक जणी लेक्चरच्या दीड तास आधी येऊन पायरीवर बसलेल्या असतात. ही मुलं सकाळी तिथे होतीच. चोवीस वर्षांत कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

हे ऐकायला सोपं वाटतं. करायला गेल्यावर नाकी नऊ आले. चौकीदार आठला यायचा, म्हणून साहित्याच्या खोलीची किल्ली सरांनी स्वतःकडे मागितली. त्यासाठी अर्ज, त्यावर शेरा, पुन्हा अर्ज. सकाळी मुलींना काही झालं तर जबाबदार कोण, हा प्रश्न समितीत दोन बैठका चालला. शेवटी ‘सरांच्या वैयक्तिक जबाबदारीवर’ अशी नोंद झाली. डिसेंबरात आमच्याकडे सकाळी इतकं दव पडतं की माती निसरडी होते. सरांनी गिरणीवरून लाकडाचा भुसा आणून पाटीवर पसरला, आणि पहिला पाऊण तास पळापळ न करता व्हरांड्यात बसण्याचा, वळण्याचा सराव घेतला.

सगळ्यात मोठा प्रश्न खाण्याचा निघाला. सहाला घर सोडणारी मुलगी पाचला काय खाणार? आठवड्याभरात दोघींना चक्कर आली. कँटीनवाल्या काकांना सरांनी विनंती केली. पोदेर, म्हणजे पाववाला, तसाही साडेसहाला भोंगा वाजवत यायचाच. काका अर्धा तास आधी चूल पेटवायला तयार झाले. सव्वाआठला प्रत्येकीला दोन पाव आणि पातळ भाजी, शनिवारी उकडलेलं अंडं. पैसे जिमखाना निधीतून मागितले तेव्हा उत्तर आलं की हा निधी साहित्यासाठी आणि प्रवासासाठी आहे, न्याहारीसाठी नाही. सरांनी वाद घातला नाही. महिनाअखेरीला काकांचं बिल स्वतः भागवायला लागले. ही त्यांची दुसरी चूक. तिच्याकडे मी पुन्हा येते.

कॅप्टनकडे ते दोनदा गेले. दुसऱ्या वेळी ती सरावाला आली, कडेला उभी राहिली. सर आमचा व्यायाम थांबवून म्हणाले, “त्या दिवशी मी हिला सगळ्यांसमोर बोललो. म्हणून आजही सगळ्यांसमोरच सांगतो, माझी चूक झाली.” आणि जर्सी तिच्या हातात दिली. पन्नाशीला आलेला माणूस एकवीस वर्षांच्या मुलीची अशी माफी मागतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही फारसं पाहिलेलं नाही.

नऊपैकी सहा जणी परत आल्या. पाच आणि सहा अकरा. बारावी म्हणून पहिल्या वर्षाची एक लांब उडी मारणारी मुलगी घेतली, जिने शाळा सुटल्यापासून खो-खो खेळला नव्हता.

जानेवारी

उपांत्य फेरीत आम्ही हरलो.

नऊ मिनिटांच्या चार पाळ्या, शेवटची पाळी आमच्या पाठलागाची, आणि तीन गडी हवे होते. दीड मिनिट उरलं असताना समोरची शेवटची तुकडी आत आली. कॅप्टनने खांबाजवळ सूर मारून एकीला टिपलं. मग साखळी लागली, खो-खो-खो करत आम्ही दुसरीला कोपऱ्यात आणलं, आणि ती लांब उडीवाली मुलगी खो मिळण्याआधी उठली. फाऊल. पाठलागाची दिशा मोडली, धावणारी सुटली. ती पुन्हा हातात येईपर्यंत शिटी झाली.

ती मुलगी रडली. सर तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “तुझा व्हरांडा राहिला.” आम्हा बाकीच्यांनी पावसातले चार महिने डोळे मिटून काढले होते, तिला मिळाले होते सहा आठवडे, तेही उघड्या डोळ्यांनी. सरांनी तिला दोष दिला नाही आणि खोटं समाधानही दिलं नाही.

बाबा त्या दिवशी मैदानावर होते. तेरा किलोमीटर सायकलने आले होते.

कॉलेजच्या वार्षिक अहवालात त्या वर्षीची नोंद एका ओळीची आहे: खो-खो, मुली, उपांत्य फेरी. आदल्या वर्षी अंतिम फेरी होती. अहवाल वाचणाऱ्याला संघ घसरलेला दिसतो.

मोजमाप

इथे मला थोडं आमच्या पेशाबद्दल बोलायचं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत बढतीसाठी गुणांची पद्धत आणली: परिषदा, शोधनिबंध, शिबिरं, समित्या, प्रत्येकाला गुण. सरांची बढतीची फाईल त्याच काळात अडकली होती. त्यांच्याकडे शोधनिबंध नव्हते. वीसेक निळ्या वह्या होत्या. नऊ घरी जाऊन बसच्या वेळा लिहिल्या, याला कुठला रकाना? त्यांनी विचारलंही नाही. बढती मिळाली, उशिरा मिळाली, आणि त्याबद्दल ते बोलत नाहीत म्हणून मीही थांबते.

त्याच नियमांत या पदासाठी शारीरिक क्षमतेची चाचणी होती. तिशीच्या आतल्या पुरुषाने बारा मिनिटांत अठराशे मीटर, बाईने आठ मिनिटांत हजार मीटर पळायचं. मी ती दिली आहे. चाचणीला माझा विरोध नाही. क्रीडाशिक्षकाला पळता आलंच पाहिजे. पण सरांचं ते वर्ष तारलं ते त्यांच्या पायांनी नाही, एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न विचारायला उमेदवाराला येतो की नाही हे कुठल्याही मुलाखतीत बघितलं जात नाही. माझ्या तर बघितलं गेलं नव्हतं.

त्यानंतरची वर्षं

एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणींवरची बंदी उठवली. काही गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. आमची आली नाही. बाबांनी ती तोवर मिळेल त्या भावाला विकली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं आणि मार्चच्या मध्यात खाणी दुसऱ्यांदा थांबल्या.

या दुसऱ्या खेपेला सरांनी काय केलं, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं, विजेतेपदांपेक्षाही. २०१८ च्या जूनमध्ये, कॉलेज उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात, एकही मुलगी गैरहजर राहायच्या आधी, त्यांनी सगळ्यांना बसवून वही भरून घेतली: पहिली बस, शेवटची बस, घरी दुपारी कोण असतं, सकाळी काय खाऊन येता. २०१२ साली जे कळायला सहा आठवडे लागले, ते त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. त्या वर्षी दोन मुली गळाल्या, दोघीही दुसऱ्या कॉलेजात गेल्या म्हणून.

सर जून २०२० मध्ये निवृत्त झाले. टाळेबंदी चालू होती. निरोप समारंभ मोबाईलवर झाला, आणि मैदानावर तेव्हा गुडघाभर गवत होतं.

त्यांच्या जागी कायम नेमणूक झाली नाही. लेक्चर बेसिसवर एक मुलगी घेतली, तासांवर पगार, सहामाहीपुरती ऑर्डर. तिची ड्युटी नऊला सुरू. सातला येऊन किल्ली घेण्याचे पैसे तिला कोणी देत नव्हतं, आणि तिने का यावं? मी तिला दोष देत नाही. मी स्वतः तीन वर्षं त्याच ऑर्डरीवर काढली आहेत. कॉलेज पुन्हा उघडल्यावर सराव चार वाजता ठेवला गेला. सातचा सराव असायचा, हे समितीतल्या नव्या माणसांना माहीतही नव्हतं. कुठल्या ठरावात तो नव्हता. होती ती फक्त ‘वैयक्तिक जबाबदारीवर’ ही एक ओळ. कँटीनवाल्या काकांचं कंत्राटही संपलं होतं. दोन हंगामांनंतर मुलींची खो-खोची प्रवेशिका गेली नाही.

म्हणून न्याहारीचे पैसे खिशातून भरणं ही मी चूक म्हणते. सर असं ऐकून रागावतात. म्हणतात, “पोरं उपाशी पळत होती, मी ठरावाची वाट बघत बसू?” बसायचं नव्हतंच. पण पहिल्या महिन्याचं बिल खिशातून भरून दुसऱ्या महिन्यात तेच बिल समितीपुढे ठेवायला हवं होतं, आणि नाकारलं तर तिसऱ्या महिन्यात पुन्हा. त्यांनी आठ वर्षं ते गुपचूप भरलं. त्यामुळे कॉलेजला वाटत राहिलं की मुलींचा संघ फुकटात उभा राहतो. चांगल्या माणसाने स्वतःच्या अंगावर घेतलेला खर्च कुठल्याच हिशेबात येत नाही, आणि तो माणूस गेला की त्या खर्चाची जागाही कोणाला दिसत नाही.

त्यांच्या बाजूनेही एक बोललं पाहिजे. १९८८ पासून ते एकटेच होते. तीन-चारशे मुलांच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा एक माणूस, दहा-बारा खेळ, वरून क्रीडादिन, एनएसएसची गर्दी सांभाळणं, मिरवणुकीत शिस्त, परीक्षेत पर्यवेक्षण. त्यातून वही लिहायला वेळ काढला, हेच फार होतं. ठरावांच्या मागे लागायला दुसरं माणूस हवं होतं आणि ते त्यांना कोणी दिलं नाही.

आता

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही नेपाळला हरवून तो जिंकला. महिलांची अंतिम लढत मी सरांच्या घरी बसून पाहिली. खेळ आता मॅटवर असतो, पायात बूट असतात. सर मॅटकडे बघत होते. “सूर मारल्यावर लागत नाही वाटतं यांना,” एवढंच म्हणाले, आणि मला आनंद झाला की त्यांनाही तो झाला आहे. उठताना त्यांनी माझ्या हातात २०१२ ची वही ठेवली. माझ्या नावापुढे त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं आहे: ट्रक बंद. आई कामाला. आजी आजारी. भाऊ लहान. सं. ४.१०. स. ६.४५. पायरीवर बसते.

माझ्या कॉलेजात चार वर्षांचा नवा अभ्यासक्रम २०२३–२४ पासून लागू झाला आहे आणि वेळापत्रक इतकं भरलं आहे की सगळ्या वर्गांना एकदम मोकळा असा तास उरत नाही. मी वेळापत्रक समितीकडे लेखी मागणी केली आहे: आठवड्यातून तीन दिवस सकाळी सात ते सव्वाआठ सरावाचा तास छापील वेळापत्रकात यावा, किल्लीची आणि देखरेखीची जबाबदारी पदाच्या नावावर असावी, माणसाच्या नावावर नाही, आणि न्याहारीचा खर्च जिमखान्याच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दिसावा. पहिल्या दोन मुद्द्यांना होकार आला. तिसरा परत पाठवला आहे. मी तो पुन्हा घालणार आहे, बिलांसकट.

यंदा माझ्याकडे तेरा मुली आहेत. अकरा जणींच्या बसच्या वेळा लिहून झाल्या. दोघी बार्जवर काम करणाऱ्यांच्या घरातल्या, नदीपलीकडून फेरीबोटीने येतात; फेरी सकाळी पहिली किती वाजता सुटते हे त्यांनी वेगवेगळं सांगितलं आहे. सोमवारी मी स्वतः धक्क्यावर जाऊन बघून येते.